खडकावरचे ते फूल नव्हे, अंड्यांची फीत!

मालवण-तारकर्लीपासून लक्षद्वीप-अंदमानपर्यंत स्कूबा डायव्हिंगसाठी पाण्याखाली उतरणाऱ्यांमध्ये आता मराठी पर्यटकही दिसू लागले आहेत. रंगीत मासे आणि प्रवाळ पाहताना त्यांच्या नजरेस कधी कधी एक चमत्कारिक वस्तू पडते. खडकाला चिकटलेली, चुणीदार, गुलाबाच्या पाकळ्यांसारखी गुंडाळलेली. कोणी तिला शेवाळ समजतो, तर कोणी फूल समजून हात लावतो. वास्तविक ती असते समुद्री गोगलगायीच्या अंड्यांची फीत.

समुद्री गोगलगायी हा मृदुकाय प्राण्यांचा एक मोठा समूह. यांपैकी बहुतेकींना प्रौढपणी शंख नसतो किंवा तो नाममात्र असतो. प्रत्येक प्राणी एकाच वेळी नर आणि मादी असल्याने मीलनानंतर दोघेही अंडी घालू शकतात. ही अंडी चिकट आवरणात गुंफलेली असतात आणि त्या गुंफणीची तऱ्हा गटागणिक बदलते. ओळख पटवण्याची किल्ली नेमकी इथेच आहे.

पहिली खूण आकाराची. फीत एका कडेवर उभी राहून चक्राकार वळत गेली असेल, तर ती बहुधा डोरिड गटातील गोगलगायीची. लाल-गुलाबी गुलाबासारखा मोठा पुंज हा याच गटातील ‘स्पॅनिश डान्सर’चा असतो. अशा एका पुंजात लक्षावधी अंडी सामावलेली असतात. फितीऐवजी बारीक, नागमोडी दोरा दिसला, तर तो इओलिड गटाचा असण्याचा संभव अधिक. शेवयांचा गुंता पडावा तशी पिवळी, हिरवट किंवा नारिंगी जाळी ही समुद्री सशाची असते. फिलिपिन्समध्ये अशाच एका समुद्री सशाची अंडी ‘लुकोट’ या नावाने आवडीने खाल्ली जातात. वाळूत धाग्याने रोवलेला पारदर्शक जेलीचा गोळा मात्र या गोगलगायींच्या पातळ शंख असलेल्या भाईबंदांचा असतो.

फसगत करणाऱ्या वस्तूही आहेत. वाळूच्या कणांची, शर्टाच्या कॉलरसारखी दिसणारी पट्टी ही चंद्रशंखाची अंडी होत. पांढऱ्या बोटांसारख्या लोंबणाऱ्या पिशव्यांचा घोस हा स्क्विडचा, म्हणजेच माकूलाचा.

दुसरी खूण आसपासच्या अन्नाची. या प्राण्यांच्या आवडीनिवडी कमालीच्या ठरलेल्या असतात आणि पुष्कळदा अंडी अन्नावर किंवा त्याच्या जवळच घातली जातात. स्पंजावर फीत दिसली तर स्पंजभक्षक डोरिडचा, हायड्रॉइडवर दिसली तर इओलिडचा विचार आधी करावा. रंगावर मात्र फार विसंबून चालत नाही. भ्रूण वाढू लागले की पुंजाची छटा बदलते. त्यामुळे निव्वळ अंड्यांवरून गट सांगता येतो, प्रजात क्वचितच. अंडी घालत असलेला प्राणीच छायाचित्रात आला, तर तो सर्वांत भक्कम पुरावा.

हे नाजूक पुंज उघड्यावर टिकतात कसे? स्पॅनिश डान्सरच्या अंड्यांमध्ये विषारी रसायने असतात, असे १९८६ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. स्पंज खाऊन मिळवलेले हे विष पुढच्या पिढीचे कवच बनते. तरीही फेव्होरिनस नावाच्या छोट्या गोगलगायी इतर गोगलगायींची अंडीच खाऊन जगतात. उरलेल्या अंड्यांतून सामान्यतः सूक्ष्म अळ्या बाहेर पडतात आणि या बिनशंखी जिवाच्या अळीला चक्क इवलासा शंख असतो! प्रौढ रूप घेताना तो गळून पडतो.

समुद्री गोगलगायी पाहण्यासाठी डायव्हिंगच करावे लागते असे नाही. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी त्या आढळतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या २०१७ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातून नागरिकांनीच त्यांच्या नोंदी केल्या आहेत.

बऱ्याच गोगलगायींचे आयुष्य वर्षभराहूनही कमी असते. दिवसा कपारीत दडणारा प्राणी दिसला नाही, तरी त्याची अंडी तो तेथे नांदत असल्याची साक्ष देतात. म्हणून फीत दिसल्यास हात न लावता जवळून आणि थोडे दूरून छायाचित्र घ्यावे. तारीख, खोली आणि फीत कशावर चिकटली आहे, हे टिपून ठेवावे. खडकावरून सुटलेली फीत लाटांबरोबर वाहून जाते आणि तिच्याबरोबर एक अख्खी पिढीही.