लशीच्या पेटीसोबत बंदूक कशाला?

पोलिओ पथकाच्या बंदोबस्तावरच्या पोलिसाला गोळ्या घातल्याची बातमी पाकिस्तानातून पुन्हा पुन्हा येते आणि आपण पान उलटतो. बाळाच्या तोंडात दोन थेंब टाकायचे, करंगळीवर खूण करायची. एवढ्याला बंदूक सोबत लागावी?

बिन लादेनचा माग काढायला सीआयएने तिथल्याच अबोटाबादमध्ये डॉ. शकील आफ्रिदींकरवी कावीळ ब च्या लसीकरणाचं सोंग रचलं. २०११ मध्ये ते फुटलं. लशीबद्दलचा संशय तिथे आधीपासून होताच, अमेरिकेने त्यात तेल ओतलं. २०१२ च्या डिसेंबरात डोस पाजणाऱ्या बायकांना वेचून मारलं गेलं. असं पुन्हा करणार नाही, हे व्हाइट हाउसने सांगितलं २०१४ साली!

आपण शहाणे, असं समजायचं कारण नाही. १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या प्लेग इस्पितळावर हल्ला केला होता. पुण्यात घरोघर गोरे सोजीर घुसले आणि २२ जून १८९७ ला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. रँड काही लस टोचत नव्हता. पण औषधाच्या आधी शिपाई दारात आला की लोक काय समजतात, ते तेव्हाच कळलं होतं. साथरोग कायदाही त्याच वर्षीचा. आरोग्य कर्मचाऱ्यांना गंभीर दुखापत करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात यायला २०२० उजाडलं. तरतूद हवीच. पण ती मार खाल्ल्यानंतर कामाला येते.

एल साल्वादोरमध्ये १९८५ साली भर यादवीत लष्कर आणि बंडखोर दोघांनीही लसीकरणाच्या दिवसांपुरती बंदूक खाली ठेवली. पुढे युद्ध संपेपर्यंत दरवर्षी ठेवली. मध्यस्थीला चर्च होतं. लोकांचा ज्याच्यावर विश्वास, त्यालाच पुढे घालण्याची ही अक्कल मला कुठल्याही बंदोबस्ताहून मोलाची वाटते.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात युद्ध नाही. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांनी कोरोना लसीकरणात मागे पडलेल्या जिल्ह्यांची झाडाझडती घेतली, तेव्हा पहिला डोस निम्म्या लोकांनाही न मिळालेल्यांत हिंगोली होती. मग निघालं घरोघरी लसीकरणाचं ‘हर घर दस्तक’ अभियान. दार वाजवायचं म्हणजे कुणी? आशाताईनेच. शिव्या पहिल्यांदा तिच्याच वाट्याला, आणि तिच्या हाती पगार नव्हे, मानधन.

जिल्हा परिषदेने लसीकरणाच्या पुढच्या फेरीला पोलिसांची गाडी मागू नये. सेनगाव-कळमनुरीच्या वाड्या-तांड्यांवर आदल्या दिवशी सरपंच, नाईक, मौलवी यांच्याशी बोलावं आणि त्यांच्यापैकी एकाला आशाताईबरोबर चालायला लावावं.