पेशींनाही वळण लावता येतं!

लेकराला आंघोळ घालताना आईच्या हाताला त्याच्या पोटात काहीतरी टणक लागतं. ‘जंत असतील’ म्हणून आपण घरगुती औषध देतो आणि आठवडे निघून जातात. घर बेल्लमपल्लीच्या खाणकामगाराचं असो की आपल्या सीमाभागातलं, ही चूक कुठंही होऊ शकते. कधी कधी ती न्यूरोब्लास्टोमाची गाठ असते.

हा कर्करोग बहुधा पाच वर्षांखालच्या मुलांना होतो. गर्भात मज्जापेशी घडत असताना काही पेशी अर्धवट राहतात. त्या शहाण्या होत नाहीत, नुसत्या वाढत जातात. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत त्यांची गाठ बऱ्याचदा होते.

हूड पोराला मारण्यापेक्षा वळण लावलेलं बरं, असं आपण म्हणतो. शास्त्रज्ञांनी हेच पेशींवर करून पाहिलं. मूळचे भारतीय असलेले केदार प्रसाद यांनी १९७१-७२च्या सुमारास अमेरिकेत उंदराच्या अशा पेशींवर प्रयोग केले. पेशीत ‘सायक्लिक एएमपी’ नावाचा निरोप्या असतो. फॉस्फोडायएस्टरेज हे एन्झाइम त्याला मोडून टाकतं. हौदाचं भोक बुजवलं की पाणी साचतं. तसं या एन्झाइमला अडवणारी द्रव्यं देताच निरोप्या साचला. पेशींना लांब तंतू फुटले, त्या प्रौढ मज्जापेशींसारख्या दिसू लागल्या!

काचपात्रातलं यश म्हणजे रुग्णाचा उपचार नव्हे. दवाखान्यात वळण लावण्याचं काम पुढं वेगळ्याच औषधानं केलं. ‘अ’ जीवनसत्त्वाशी नातं असलेलं आयसोट्रेटिनॉइन गंभीर रुग्णांना मुख्य उपचारानंतर दिल्यास फायदा होतो, हे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेनं एफ्लॉर्निथिन या गोळीला मान्यता दिली. ही गोळीही एका एन्झाइमला अडवते आणि आजार उलटण्याचा धोका कमी करते.

मात्र ही औषधं केमोथेरपी, शस्त्रक्रिया यांची जागा घेत नाहीत. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घरच्या घरी तर मुळीच देऊ नयेत. जास्त मात्रा मुलांना घातक ठरते.

पोटात गाठ, डोळ्यांभोवती काळे-निळे डाग, कारणाशिवाय लंगडणं, हाडं दुखणं, फिकटपणा यांतलं काहीही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. मुंबईचं टाटा आणि बंगळूरचं किदवई ही दोन्ही रुग्णालयं आपल्या माणसांना परकी नाहीत. एकीकडे मराठी चालते, दुसरीकडे कन्नड. भाषेची अडचण नाही. उशीर तेवढा नको.