नायट्रिक आम्ल

नायट्रिक आम्ल (सूत्र एचएनओ३) हे तीव्र खनिज आम्ल असून प्रभावी ऑक्सिडीकारक आहे. सोनारकामात ते पूर्वीपासून 'तेजाब' या नावाने परिचित आहे.

गुणधर्म
शुद्ध नायट्रिक आम्ल हा रंगहीन द्रव आहे. त्याचा उत्कलनबिंदू ८३° से. आणि गोठणबिंदू उणे ४२° से. आहे. बाजारातील संहत आम्लात त्याचे प्रमाण वजनाने सुमारे ६८ टक्के असते. प्रकाशाने त्याचे अपघटन होऊन नायट्रोजन डायऑक्साइड वायू तयार होतो व द्रव पिवळसर दिसू लागतो. म्हणून ते तपकिरी बाटलीत ठेवतात.

धातूंवरील क्रिया
बहुतेक आम्लांपासून धातू हायड्रोजन मुक्त करतात. नायट्रिक आम्लात मात्र नायट्रेट आयनाचेच क्षपण होते. त्यामुळे हायड्रोक्लोरिक आम्लाला दाद न देणारे तांबे व चांदी हे धातूही त्यात विरघळतात. तांब्याबरोबर विरल आम्लापासून मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड, तर संहत आम्लापासून तांबूस-तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड मिळतो. संहत आम्लात लोखंड व ॲल्युमिनियम यांवर ऑक्साइडचा पातळ थर बसून ते निष्क्रिय होतात. सोने व प्लॅटिनम त्यात विरघळत नाहीत. त्यासाठी एक भाग संहत नायट्रिक व तीन भाग संहत हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळून केलेले आम्लराज लागते. १९४० मध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरले, तेव्हा जॉर्ज द हेवेशी यांनी माक्स फोन लाउए व जेम्स फ्रांक यांची नोबेल पदके आम्लराजात विरघळवून लपवली. युद्धानंतर त्या द्रावणातून सोने परत मिळवण्यात आले.

प्रयोगशाळेतील उपयोग
क्लोराइडची सिल्व्हर नायट्रेट परीक्षा करताना द्रावण प्रथम विरल नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करतात. त्यामुळे कार्बोनेट नष्ट होऊन त्याचा फसवा अवक्षेप टळतो. येथे हायड्रोक्लोरिक आम्ल चालत नाही, कारण ते स्वतःच क्लोराइड पुरवते. जवळजवळ सर्व धातूंची नायट्रेटे पाण्यात विद्राव्य असल्याने विश्लेषणासाठी धातू व खनिजांचे नमुने विरघळवण्यास हे आम्ल सोयीचे ठरते. प्रथिनांबरोबर ते पिवळा रंग देते. त्वचेवर पडणारा पिवळा डाग याच क्रियेचा असतो आणि तो धुऊन जात नाही.

निर्मिती
प्रयोगशाळेत सोडियम किंवा पोटॅशियम नायट्रेट संहत सल्फ्यूरिक आम्लाबरोबर तापवून ते मिळवतात. उद्योगात ओस्टवाल्ड पद्धतीने प्लॅटिनम-ऱ्होडियम जाळीवर अमोनियाचे ऑक्सिडीकरण करतात.

दक्षता
विरल करताना आम्ल पाण्यात सावकाश ओतावे. आम्लात पाणी ओतू नये. अल्कोहोल, ॲसिटोन यांसारख्या कार्बनी द्रवांशी त्याचा संपर्क येऊ देऊ नये. ते एकाच टाकाऊ बाटलीत ओतून झाकण घट्ट लावल्यास वायूचा दाब वाढून स्फोट होऊ शकतो. नायट्रोजन डायऑक्साइडची बाधा विशेष फसवी असते: सुरुवातीला किरकोळ खोकला येतो, परंतु काही तासांनी फुप्फुसांत पाणी साचू शकते. म्हणून तपकिरी धूर श्वासात गेल्यास बरे वाटत असले तरी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. आम्ल अंगावर सांडल्यास कपडे काढून ती जागा किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावी.