उकिरडा शहरात आला, शेत मागेच राहिले!

आमच्या मराठवाड्यात घरामागे उकिरडा असे. शेण, राख, भाजीची देठे सारे त्यात पडे आणि पावसाळ्याआधी गाडीत भरून शेतात जाई. आम्ही नांदेड-लातूरला राहायला आलो. शेत मागे राहिले. उकिरड्याचा मात्र ‘कचरा डेपो’ झाला.

खेड्यातले खत शहरात घाण का ठरले? ओल्यात प्लास्टिक, काच, ब्लेड मिसळले म्हणून. असा ढीग हवेवाचून सडतो, त्याला दुर्गंधी सुटते आणि तो उपसताना हात कापतो तो सफाई कामगाराचा. २०१६ च्या नियमांनी ओला-सुका कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. पण नियम स्वयंपाकघरात शिरत नाही, शेजारीण शिरते!

म्हणून हे काम गल्लीने मिळून करावे, असे मला वाटते. भोके पाडलेली जुनी बादली, ओल्या कचऱ्यावर मूठभर वाळला पाला, अधूनमधून वर-खाली करणे. दोन-तीन महिन्यांत काळेभोर खत तयार! गोदावरीत सोडतो ते निर्माल्यही त्यातच घालावे. हे खत ओल धरून ठेवते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेल्या लातूरकरांना ओलीचे मोल काय सांगावे?

सुक्याचे काय? पुण्यात १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. कचरा वेचणाऱ्यांच्या श्रमाला तिने मान मिळवून दिला. आपण निदान त्यांना स्वच्छ, वेगळा माल द्यावा.

आणि हो, हे सारे एकट्या गृहिणीच्या माथी मारू नका. बादली हलवायला घरातल्या पुरुषांनाही हात आहेत.