बँकेचा लेखापरीक्षक कोण निवडतो?

बँकेचा वैधानिक लेखापरीक्षक (कायद्यानुसार हिशेब तपासणारा बाहेरचा ऑडिटर) रिझर्व्ह बँकच पाठवते, असा अनेक ठेवीदारांचा समज असतो. रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते, त्यामुळे तो स्वाभाविकही आहे. पण खासगी बँकांत निवड सुरू होते संचालक मंडळात. मंडळाची लेखापरीक्षण समिती नावे सुचवते, रिझर्व्ह बँक मान्यता देते आणि भागधारक वार्षिक सभेत नेमणूक करतात.

हाउसिंग सोसायटीत हिशेब कार्यकारिणी ठेवते, पण ऑडिटर सर्वसाधारण सभा नेमते. जो हिशेब लिहितो, त्याने तपासनीस निवडू नये, हेच तत्त्व बँकेतही आहे.

म्हणूनच मंडळात कोण बसते, याला महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२१च्या नियमांनुसार लेखापरीक्षण समितीत फक्त अकार्यकारी संचालक (रोजच्या कारभारात नसलेले) असतात. बैठकीला हजर असणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश स्वतंत्र संचालक, म्हणजे प्रवर्तकांशी हितसंबंध नसलेले, हवेत.

याचा परिणाम लेखापरीक्षणावर होतो. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांवरच्या २००२च्या एका अभ्यासात, स्वतंत्र, जाणकार आणि कामात लक्ष घालणारी मंडळे असलेल्या कंपन्या लेखापरीक्षणासाठी अधिक शुल्क देतात, असे आढळले. अशी मंडळे अधिक सखोल तपासणी मागतात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

रिझर्व्ह बँकेने मर्यादाही घातल्या आहेत: एका फर्मला सलग तीनच वर्षे, नंतर सहा वर्षे खंड, मालमत्ता १५,००० कोटी किंवा अधिक असल्यास किमान दोन फर्म. या चौकटीत कोणाची नावे पुढे जातात, ते मात्र समितीच ठरवते.