उन्हाळी लागणे म्हणजे काय?

लघवी करताना आग होते. थेंब थेंब होते, मोकळी होत नाही. जाऊन आले की लगेच पुन्हा जावेसे वाटते. याला आपल्याकडे उन्हाळी लागणे म्हणतात. हा शब्द बायका एकमेकींच्या कानात सांगतात. दवाखान्यात तो सहसा तोंडातून बाहेर पडत नाही. म्हणून आम्ही या धड्यात तो उघड लिहिणार आहोत. घरातल्या पुरुषांनीही हा धडा वाचावा. यात लाजण्यासारखे काही नाही.

उन्हाळी हे नाव का पडले असेल, ते समजण्यासारखे आहे. उन्हात घाम फार जातो. पाणी कमी पडले की लघवी थोडी होते, गडद पिवळी होते आणि चुरचुरते. अशी चुरचुर तांब्या-दोन तांबे पाणी प्याले की थोड्या वेळाने थांबते. तोवर काळजी नाही. पण पाणी पिऊनही आग राहिली, घटकेघटकेला जावे लागले, ओटीपोटात दुखू लागले, लघवी गढूळ झाली किंवा तीत रक्त दिसले, तर ती नुसती उष्णता नव्हे. लघवीच्या पिशवीत जंतू शिरले आहेत असे समजावे. हे दुखणे पावसाळ्यात होते, थंडीतही होते. आंबा खाल्ला म्हणून ते होत नाही.

आता ही पिशवी कोठे असते ते पाहू. आपल्या पाठीत, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास, दोन बाजूंना दोन मूत्रपिंडे असतात. ती रक्त गाळतात. गाळून निघालेले पाणी दोन नळ्यांतून खाली येते आणि ओटीपोटातल्या पिशवीत साठते. तीत साधारण अर्धा लिटर लघवी मावते. पिशवीतून बाहेर येण्याची एक वाट असते. पुरुषाची ही वाट सुमारे २० सेंटिमीटर लांब. बाईची फक्त ४ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम दोन बोटांच्या रुंदीइतकी. शिवाय बाईची ही वाट शौचाच्या जागेपासून जवळ. म्हणजे जंतूंना फार लांब चालावे लागत नाही! बायकांना हे दुखणे जास्त होते याचे मुख्य कारण एवढेच आहे. साधारण निम्म्या बायकांना जन्मात एकदा तरी ते होते. ज्या बाईला झाले तिने काही वावगे केले असे नाही. नवऱ्यानेही तिच्यावर संशय घेऊ नये, आणि सासूने तिचे भांडे वेगळे करू नये. ताटवाटीतून हे दुखणे कुणाला लागत नाही.

बहुतेक वेळा हे काम एकाच जातीच्या जंतूचे असते. त्याचे नाव ई. कोलाय. १८८५ साली थिओडोर एशेरिक या डॉक्टरांनी तो शोधून काढला. ई. कोलाय हा आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहतो. तेथे तो बहुधा गुमान असतो. जागा सोडून लघवीच्या पिशवीत गेला की तोच त्रास देतो.

पण जंतू शिरला म्हणजे दुखणे झालेच, असे नाही. वाहती लघवी त्याला धुऊन बाहेर टाकते. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात शेवाळ धरत नाही, डबक्यात धरते. तसेच येथे आहे. लघवी दाबून ठेवली, पाणी कमी प्याले, की पिशवीचे डबके होते आणि जंतू वाढतात.

मग बायका लघवी दाबून का ठेवतात? हौस म्हणून नाही. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडाजवळ पालात राहतात. तेथे बहुधा संडास नसतो, न्हाणीही नसते. बाई पहाटे अंधारात जाऊन येते आणि मग दिवस मावळायची वाट पाहते. दिवसभर थांबता यावे म्हणून ती पाणीच पीत नाही. अंगावर घाम, डोक्यावर मोळी आणि पोटात दोन पेले पाणी. शहरात तरी काय वेगळे आहे? दुकानात उभी राहणारी मुलगी, बाजारात भाजी विकणारी मावशी, एस. टी.ची वाहक ताई, सगळ्यांची हीच गत. शाळेतला संडास घाण असला की मुली सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. मुंबईत पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे, असा प्रकार चालत असे. त्याविरुद्ध २०११ साली तेथील बायकांनी 'राइट टू पी' नावाची चळवळ उभी केली. नाव ऐकून काही लोक हसले. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. कारखान्यात बायकांसाठी वेगळे संडास हवेत, असे १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिले होते. मुकादमाकडे, मालकाकडे, ग्रामसभेत ही मागणी करणे हे औषधाइतकेच गरजेचे आहे.

पाण्याचा उपयोग किती होतो, याची पाहणीही झाली आहे. वारंवार उन्हाळी लागणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका निवडल्या. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले. वर्षभरात जास्त पाणी पिणाऱ्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. ही पाहणी २०१८ साली छापून आली. म्हणजे नुसत्या पाण्याने दुखणे जवळजवळ निम्म्यावर आले. लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी प्यावे, हे माप लक्षात ठेवायला सोपे. ज्यांना मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिले आहे, त्यांनी मात्र आपल्या मापाने चालावे.

शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यावा, मागून पुढे आणू नये. लहान मुलींनाही आईने असेच शिकवावे. बाहेरून साधे पाणी पुरते. जंतुनाशक औषध घालून आतून धुवायचे खूळ काहींना असते. ते करू नये. त्या जागी चांगले जंतूही असतात, ते राखण करतात. ते मेले की वाईटांना मोकळे रान मिळते. नवरा-बायकोच्या संबंधाच्या वेळी जंतू वाटेत ढकलले जातात. म्हणून नंतर उठून लघवीला जाऊन यावे. त्याला पैसा लागत नाही. पण नव्या नवरीला हे कोणीच सांगत नाही. पाळी गेल्यानंतर तेथील कातडी कोरडी आणि पातळ होते, तेव्हाही त्रास वाढतो. त्यावर लावायचे मलम मिळते. "आता वय झालं, चालायचंच," असे म्हणून सोसत बसू नये.

आता औषधाचे. घरात साधारण असे बोलणे होते :

"आत्याबाई, लघवीला फार आग होते."

"उन्हाळी लागली असंल गं. धने-जिऱ्याचं पाणी पी. सब्जा भिजव."

आत्याबाईंचे अगदीच चुकले असे आम्ही म्हणणार नाही. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे पाणी, नारळाचे पाणी यांनी पोटात पाणी जाते आणि आग कमी वाटते. कधी कधी हलके दुखणे आपोआपच बसते आणि मान सब्जाला मिळतो. पण या कशानेही जंतू मरतील याचा भरवसा नाही. दुकानात लघवीची आग कमी करणारे गोड-आंबट पातळ औषध मिळते. त्याचेही तसेच. धडधाकट बाईने एक दिवस पाणी पिऊन पाहावे. दुसऱ्या दिवशीही आग असेल तर दवाखाना गाठावा. रक्त दिसले तर तेवढेही थांबू नये.

डॉक्टर जंतूंवरच्या गोळ्या देतात. त्या बहुधा तीन ते सात दिवसांच्या असतात. एक औषध तर पाण्यात कालवून एकदाच घ्यायच्या पुडीत येते. नायट्रोफ्युरँटॉइन नावाच्या गोळीने लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते, तिला घाबरू नये. ही गोळी जेवणाबरोबर घ्यावी. दोन दिवसांत बरे वाटते. मग पुष्कळ जणी उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवतात, आणि पुढे जावेला किंवा शेजारणीला देतात. हे चांगले नाही. अर्धवट किंवा भलत्या औषधाने जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. आपल्या देशात काही जुन्या गोळ्यांना हे जंतू आता मुळीच जुमानत नाहीत. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे का ते पाहा. ती असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. २०१६ सालापासून सरकार या रेघेची ओळख लोकांना करून देत आहे.

थंडी वाजून ताप आला, पाठीत किंवा कुशीत एका बाजूला दुखू लागले, उलट्या झाल्या, तर जंतू पिशवीतून वर मूत्रपिंडात चढले असे समजावे. मग घरी एक रात्रही काढू नये. त्याच दिवशी इस्पितळात जावे. जंतू रक्तात उतरले तर जिवावर बेतते.

गरोदर बाईने तर आग होण्याची वाटच पाहू नये. पोटात मूल असताना लघवीच्या नळ्या सैल पडतात, जंतू सहज वर चढतात. पुष्कळदा काहीच त्रास नसतो, आणि लघवीत जंतू मात्र असतात. ते वर चढले तर आईला ताप येतो, दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. म्हणून नाव नोंदवताना लघवी तपासतात. "मला काय झालंय?" म्हणून ती तपासणी चुकवू नये. आशाताईला विचारावे, ती सोबत येईल. मधुमेह असलेल्या बाईनेही वाट पाहू नये.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा दुखणे झाले, तर नुसत्या गोळ्यांवर भागवू नये. लघवीतला जंतू वाढवून पाहतात, त्याला दोन-तीन दिवस लागतात. कोणते औषध लागू पडेल ते त्यातून कळते. कधी आत मुतखडा निघतो. लघवीत पू आहे पण नेहमीचा जंतू वाढतच नाही, असे पुन्हा पुन्हा झाले, तर मूत्रपिंडाचा क्षय नाही ना, हेही पाहावे लागते. आपल्याकडे क्षय पुष्कळ आहे, म्हणून हे लिहिले. अंगावरून पांढरे जाते आणि खाज सुटते, तेव्हाही लघवीला झोंबते. पण ते दुखणे निराळे, त्याचे औषध निराळे.

तपासणीला लघवी देताना आधी जागा पाण्याने धुवावी. पहिली धार सोडून द्यावी. मधली धार दवाखान्यातून मिळालेल्या स्वच्छ बाटलीत धरावी. घरची धुतलेली औषधाची बाटली नेऊ नये. बाटली लवकर पोहोचवावी, उन्हात ठेवू नये.

डॉक्टरांसमोर बोलवत नसेल तर घरूनच चिठ्ठी लिहून न्यावी. आपल्याला आता लिहिता येते. चिठ्ठी एवढी पुरे :

'सोमवारपासून लघवीला आग. रात्री पाच-सहा वेळा उठते. रक्त नाही. ताप नाही. पाचवा महिना चालू आहे. मागे दिवाळीत असेच झाले होते. अजून कोणतीही गोळी घेतली नाही.'