पहाटेचे पाचशे शब्द

अमेरिकेत प्रेमकथांची एक वेगळी शाखा आहे, ‘इन्स्पिरेशनल रोमान्स’. नायक आणि नायिका यांच्याबरोबर ख्रिस्ती श्रद्धा हे तिथे जणू तिसरे पात्रच. जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ १९७९ साली आली आणि ही वाट रुंद झाली. बाईंनी तेव्हा चाळिशी ओलांडली होती! १९९७मध्ये हार्लेक्विन प्रकाशनाने ‘लव्ह इन्स्पायर्ड’ ही मालिकाच काढली. एका पुस्तकाला साधारण ५५ हजार शब्द. शिवीगाळ नाही, शय्यागृहाचे दार बंद.

या वाटेवर नव्याने येणारी बाई बहुधा नोकरी-घर सांभाळून लिहिते. मुलांची स्कूलबस येण्याआधी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, रोज पाचशे शब्द जमले तरी नुसत्या कच्च्या खर्ड्याला ११० दिवस लागतात. रविवार चर्चचा, म्हणजे तो गेलाच. पुढे संपादकाच्या उत्तराची महिनोन्‌महिने वाट, आणि उत्तर बरेचदा नकाराचे.

खरी अडचण मात्र वेगळीच. नायकाच्या प्रेमाखातर नायिकेने देव मानला, तर वाचकाला तो सौदा वाटतो. श्रद्धा तिची तिलाच गवसली पाहिजे, आणि गवसताना कथेचे प्रवचनही होता कामा नये. इश्क माणसावरचा की ईश्वरावरचा, हे आम्ही गझलवाले खुशाल मोघम ठेवतो. तिला ती सवलत नाही. दोन्ही उघड लिहायचे, वर शेवट गोडच करायचा!

मग ती नायिकेची तीनपानी प्रार्थना खोडते आणि तिला आजारी शेजारणीकडे सूप घेऊन पाठवते. बस येईपर्यंत तेवढेच होते.